प्रिय ग्राहक

निखाड्यांचा फोन टिंग करून वाजला की आमच्या गल्लीतली माणसं हातातलं काम थांबवतात. निखाडे बनियनवर गॅलरीत येतात, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात, फोन हातभर लांब धरतात आणि खणखणीत आवाजात वाचतात, "प्रिय ग्राहक, आपने अपने डेटा का अस्सी प्रतिशत उपयोग कर लिया है." मग जरा थांबून समोरच्या कडुनिंबाकडे पाहत म्हणतात, "निरोप मिळाला. निखाडे. ऑल राइट." आणि आत जातात.

पन्नास टक्क्यांना एकदा, ऐंशीला एकदा, शंभराला एकदा. शंभराच्या पुढे कंपनी ज्या निरनिराळ्या धमक्या देते त्या प्रत्येकीला एकदा. छत्तीसगढातल्या आमच्या चौबे कॉलोनीतल्या या गल्लीत निखाड्यांचा डेटा किती उरला हे सगळ्यांना ठाऊक असतं. खालचा इस्त्रीवाला गिऱ्हाइकाला कपडे देता देता सांगतो, "बाबूजी का अस्सी हो गया, अब सौ होने वाला है." मुलं त्यांना मागून 'प्रिय ग्राहक' म्हणतात. समोरून 'आजोबा' म्हणतात.

मी त्यांच्या शेजारच्या फ्लॅटात राहतो. आमच्या दोन गॅलऱ्यांमध्ये कमरेइतकी भिंत आहे, त्यामुळे प्रत्येक वाचनाला मी पहिल्या रांगेत असतो. आणि आता लपवून काय करू, त्या माणसाचा मला हेवा वाटायचा. लोकांना शेजाऱ्याच्या गाडीचा वाटतो, बंगल्याचा वाटतो. मला निखाड्यांच्या संपलेल्या डेटाचा वाटायचा.

कारण माझा डेटा संपत नसे. आमच्या नीलेशनं बंगळुरातून मला रोजच्या डेटाचं रिचार्ज मारून दिलं आहे. तो डेटा सकाळी फोनमध्ये येतो, दिवसभर बसून राहतो आणि दिवस संपला की जसाच्या तसा वाया जातो. मी सरकारी खात्यातून निवृत्त झालेला माणूस, वाया गेलेलं काही मला बघवत नाही. पण वापरायचा कुठं? नीलेशचा व्हिडिओ कॉल रविवारी येतो. "हाँ पापा, सब ठीक? खाना हो गया? मम्मी कहाँ है? चलो, रखता हूँ." मी मराठीत काही उत्तर देईपर्यंत त्याचा चेहरा गेलेला असतो आणि स्क्रीनवर माझाच चेहरा उरतो. तेवढ्यानं डेटाला ओरखडाही पडत नाही.

आणि हे महाशय शंभर टक्के संपवून वर धमक्या खातात!

निखाडे रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका खोलीत एक माणूस कानाला हेडफोन लावून बसतो आणि त्याच्या एका लाइनवर सेक्शनमधली सगळी स्टेशनं असतात. समजा भाटापारा स्टेशनच्या मास्तरला त्याच्याशी बोलायचं आहे, तर नंबर फिरवावा लागत नाही. तो फोन उचलतो, स्टेशनचं नाव सांगतो आणि बोलायला लागतो, कारण लाइन उघडीच असते. ड्यूटी बदलते, माणूस बदलतो, लाइन तशीच राहते. आणि आलेला निरोप मोठ्यानं परत वाचून दाखवायचा असतो, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. निखाड्यांनी अख्खी नोकरी या दोन नियमांवर काढली. निवृत्त होताना हेडफोन जमा केला आणि नियम घरी घेऊन आले.

त्यामुळे निखाडे फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नाहीत, "कंट्रोल!" म्हणतात. पलीकडचा माणूस घाबरला तर "बोला जी, लाइनवर आहे," म्हणतात. आणि बोलणं संपलं की फोन कापत नाहीत, तसाच खिशात टाकतात. कापायचं काम दुसऱ्याचं. दुसराही विसराळू असला तर लाइन उघडी राहते.

एकदा मी त्यांना पाण्याचा टँकर कधी येणार हे विचारायला फोन केला. ते बाजारात होते. बोलणं झालं, फोन त्यांच्या खिशात गेला, आणि मीही कानाला लावून बसलो. आता दुसऱ्याचा फोन असा ऐकू नये हे मला कळतं, पण कान काही ऐकेना. निखाडे लाल भाजीचा भाव करत होते. भाजीवालीनं विचारलं, "कोन रिहिस बबा?" कोण होतं म्हणून. निखाडे त्यांच्या अर्ध्याकच्च्या छत्तीसगढीत तिला म्हणाले, शेजारी आहे, माणूस फार चांगला, पण त्याला कोणी फोन करत नाही ना, म्हणून तो सगळ्यांना करतो.

मी फोन ठेवला. पुढे आठवडाभर टँकरची चौकशी मी गॅलरीतूनच केली.

तर अशा या माणसाला एके दिवशी बिल आलं. निखाड्यांचं कनेक्शन पोस्टपेड, महिन्याच्या शेवटी पैसे भरायचे. "गाडी आधी, भाडं मागून," असं ते अभिमानानं सांगत. पण त्या महिन्यात कंपनीनं जादा डेटाचा दर वाढवला होता, आणि त्या दिवशी ते गॅलरीत आले ते चष्मा न ओढताच. वाचायला सुरुवात केली, "प्रिय ग्राहक, आपका इस माह का बिल..." आणि आकड्यापाशी आवाज बसला. पुन्हा वाचलं, पुन्हा बसला. ऑल राइट म्हणायचंही राहून गेलं.

"हरिभाऊ, हे पाहा बरं. माझे डोळे फसवून राहिले का?"

डोळे फसवत नव्हते. तेवढ्या पैशात माझं वर्षाचं रिचार्ज झालं असतं. शेजाऱ्याचं बिल फुगलं की आपल्याला जरा बरं वाटतं, मलाही वाटलं, मिनिटभर. मग लक्षात आलं की ज्याचं बिल एवढं येतं त्याच्याशी कोणीतरी तेवढं बोलतही असणार. आणि ते बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं.

कोण बोलत असेल हे काही गूढ नव्हतं. त्यांची मुलगी वैशू पुण्यात नोकरीला आहे, एकटीच राहते. प्रमिलावहिनी गेल्या त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून निखाडे इथं एकटे आणि ती तिथं एकटी. दोघं दिवसभर बोलत असणार. मुलगी आहे, मुली बोलतात. आमच्या नीलेशला मी एकदा विचारलं होतं की दिवसभर ऑफिसात काय काम असतं, तर म्हणाला, "पापा, समझाने में टाइम लगेगा." तो टाइम अजून लागायचाच आहे.

"तुम्ही जळून राहिले," माझी बायको सुमन म्हणाली. ती पोळ्या लाटत होती, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मी काहून जळू? बिल त्याला आलं आहे."

"तेच म्हणून राहिली मी."

दुसऱ्या दिवशी मी निखाड्यांना स्कूटरवर मागे बसवून कंपनीच्या दुकानात नेलं. शेजारधर्म म्हणून नेलं असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं की एवढा डेटा कशात जातो हे मला कोणाकडून तरी पक्कं ऐकायचं होतं. सदर बाजारच्या गर्दीतून स्कूटर काढता काढता मला घाम फुटला, आणि मागे निखाडे एका हातानं माझा खांदा आणि दुसऱ्या हातानं शर्टाचा खिसा धरून बसले होते. खिशात फोन होता.

दुकानातली मुलगी हुशार होती. तिनं कॉम्प्युटरवर पाहिलं, मग म्हणाली, "अंकल, फोन दिखाइए." निखाड्यांनी नाइलाजानं खिशातून काढून दिला.

"अंकल, इसमें तो अभी भी वीडियो कॉल चालू है!"

"चालू ही रहता है," निखाडे म्हणाले.

"पूरा दिन?"

"लाइन है बेटा. लाइन काटते नहीं."

पूर्ण दिवस! मी काउंटरला टेकलो. आम्ही स्कूटरवर होतो तेव्हाही चालू, सिग्नलला उभे होतो तेव्हाही चालू. माझा मुलगा 'मम्मी कहाँ है' विचारून उत्तर ऐकायला थांबत नाही, आणि यांची मुलगी सदर बाजाराचे हॉर्नसुद्धा ऐकत बसते. मी तिथल्या मशीनचं थंड पाणी दोन पेले प्यालो.

दुकानातली मुलगी स्क्रीनकडे पाहत होती. मग तिनं निखाड्यांकडे पाहिलं. काय झालं कोण जाणे, तिचा आवाज एकदम मऊ झाला. "अंकल, घर में ब्रॉडबैंड लगवा लीजिए. फिर चाहे जितना चलाइए. तब तक मैं इसमें लिमिट डाल देती हूँ, नहीं तो अगला बिल इससे भी बड़ा आएगा."

लिमिट म्हणजे काय ते निखाड्यांना नीट समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लावून टाका जी, चांगलंच आहे." मला समजलं होतं. ठरलेला डेटा संपला की त्यांचं इंटरनेट आपोआप बंद पडणार होतं. परत येताना माझी स्कूटर जरा हलकी चालली.

ब्रॉडबँडवाल्यानं 'सोमवारी येतो' म्हटलं. कोणता सोमवार ते म्हटलं नाही. निखाडे मात्र आधीसारखेच. पन्नास टक्के, ऑल राइट. ऐंशी टक्के, ऑल राइट. मी मधल्या काळात एक प्रयोग करून पाहिला. म्हटलं, आपणही एकदा कंपनीकडून धमकी मिळवायची. दुपारी कूलर लावला, पलंगावर आडवा झालो आणि व्हिडिओ सुरू केले. हत्ती नदीत आंघोळ करताना पाहिला. कूलरची मोटर दुरुस्त करायला शिकलो. एका बाईनं फणसाची भाजी केली ती शेवटपर्यंत पाहिली आणि मग झोप लागली. जाग आली तेव्हा स्क्रीनवर विचारलेलं होतं, 'क्या आप अभी भी देख रहे हैं?' विचारून उत्तर न मिळाल्यानं फोन आपणहून थांबला होता. निरोप काही आला नाही.

बहुतेक दिवशी संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास निखाड्यांच्या घरातून एक शब्द ऐकू यायचा. "आहे." बस, एवढाच. त्याआधी काही नाही, त्यानंतर काही नाही. दिवसभर बापलेक इतके हळू बोलतात की भिंतीला कान लावूनही (लावला होता) काही कळत नाही, आणि संध्याकाळी एकदाच हे 'आहे' कसं मोठ्यानं येतं, हे कोडं मला सुटत नव्हतं. सुमन म्हणायची की ते भाजीत मीठ आहे का ते स्वतःलाच विचारत असतील.

आणि एका दुपारी माझं दार वाजलं. वाजलं म्हणजे दोन्ही हातांनी वाजलं. निखाडे उभे होते, एका पायात चप्पल.

"हरिभाऊ, लाइन गेली."

"कोणती लाइन? आमचा पंखा तर चालू आहे."

"फोनची जी! शंभर टक्के झाले, मी निरोप वाचला, ऑल राइट म्हटलं, अन् आत जाऊन पाहतो तर लाइनच नाही. मायबाप कंपनीनं कापली!"

लिमिट लागू झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, म्हणजे मी तशी तयारीच करून ठेवली होती. पण निखाड्यांचा चेहरा पाहून तो काही जमेना. या माणसाला मी वहिनी गेल्या तेव्हाही पाहिलं होतं. तेव्हा त्यांनी आल्यागेल्याला पाणी विचारलं होतं. आज त्यांना दुसरी चप्पल घालायचंही सुचलं नव्हतं.

"अहो, मग काय झालं? वैशूच लावेल ना पुन्हा फोन."

"ती काहून लावेल? ती ऑफिसात आहे."

"मग तुम्ही बोलत कोणाशी होता?"

"बोलून कोण राहिलं होतं?" निखाडे म्हणाले. "तुमच्याजवळ ते असते नं, आपलं इंटरनेट दुसऱ्याले द्यायचं? ते द्या बरं पहिले."

हॉटस्पॉट कसा लावतात हे आम्हा दोघांनाही येत नव्हतं. शेवटी सुमननं लावून दिला, तिला तिच्या भिशीतल्या बायकांनी शिकवलं होतं. माझा फोन घेऊन मी त्यांच्या घरात गेलो. वहिनी गेल्यानंतर मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. ओट्यावर साखरेच्या डब्याला त्यांचा फोन टेकवलेला, समोर एक खुर्ची. निखाड्यांनी बटण दाबलं, स्क्रीनवर गोल फिरलं, फिरलं, आणि चित्र आलं.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. दुसरं स्वयंपाकघर होतं. ओटा, नळ, भिंतीला टेकवून ठेवलेला पोळपाट. खिडकीवर अर्धा पडदा. माणूस नव्हता. फ्रिजची घरघर तेवढी येत होती.

"हे काय आहे?"

"वैशूचं घर," निखाडे खुर्चीत बसत म्हणाले. त्यांच्या जिवात आता जीव आला होता. "तिचा जुना फोन आहे तिथं, चार्जरले लावून ठेवते. ऑफिसवाल्याईची मीटिंग राहते नं, तशी लिंक करून देल्ली तिनं. एकजण गेला तरी दुसऱ्याकडचं चालू राहते. तो पोळपाट पाहिला? आमच्या हिचा आहे. घेऊन गेली पोट्टी."

"पण घरात तर कोणी नाही."

"कोणी नाही म्हणून तर बसून राहिलो."

मग त्यांनी सांगितलं. वहिनी गेल्यावर वैशू परत पुण्याला गेली आणि पहिल्याच आठवड्यात फोनवर रडली. बाबा, म्हणाली, दिवसभर काही वाटत नाही, पण संध्याकाळी कुलूप काढून आत आलं की घर अंगावर येतं. आई असताना ती दार उघडता उघडता आईला फोन लावायची आणि बोलत बोलतच आत शिरायची. आता कोणाला लावू?

"मी म्हटलं, मले लाव. तर म्हणे, बाबा, तुम्ही उचलेपर्यंत मी आत आलेली असते." निखाडे स्क्रीनवरून नजर न काढता बोलत होते. "बरोबरच आहे तिचं. रानातल्या लहान टेसनावरचा मास्तर असे नं हरिभाऊ, एकटाच राहे बिचारा, चारी बाजूंनी अंधार. गाडी नाही, काम नाही. तरी मधूनच फोन उचलून विचारे, 'कंट्रोल?' मी म्हणत जाओ, 'आहे.' बस. काही बोलाचं नसे त्याले. कोणी आहे एवढंच पाहाचं असे."

"अहो, पण मग ती यायच्या वेळेला लावा ना लाइन. दिवसभर कशाला?"

"तिची वेळ कुठं पक्की आहे? कधी दुपारीच येते, कधी उशीर होते. अन् घंटी वाजवून कोणी घरात असते का जी? घरात असणारा माणूस आधीपासूनच असते."

मी दुसरी खुर्ची ओढली. फोन माझा होता, त्यामुळे मला जाता येत नव्हतं. निदान सुमनला मी तसंच सांगितलं.

आम्ही दोघं त्या पुण्याच्या ओट्याकडे पाहत बसलो. निखाडे मधूनच उठून भाजी निवडायचे, पण कान तिकडे. एकदा नळाचा थेंब पडला तर म्हणाले, "वॉशर गेलं त्याचं. रविवारी सांगतो तिले." दुपारी खिडकीत एक कबुतर आलं तेव्हा दोघांनीही मान वर केली. मला वाटलं होतं की हे सगळं पाहून माझा हेवा संपेल. बिनमाणसाच्या स्वयंपाकघराचा काय हेवा करायचा? पण तो काही कमी झाला नाही, फक्त जागा बदलून बसला. आता मला वैशूचा हेवा वाटत होता. कुलूप लावून गेलेल्या तिच्या घरात दिवसभर कोणीतरी होतं.

माझा फोन टिंग वाजला. 'प्रिय ग्राहक, आपने आज के डेटा का पचास प्रतिशत...' आयुष्यातली पहिली धमकी. निखाड्यांनी मान हलवून 'वाचा, वाचा' म्हटलं. पण मला वाचवेना. निरोप माझ्या फोनवर आला होता, तरी माझा नव्हता. तो वैशूच्या स्वयंपाकघराचा होता.

दिवे लागायच्या सुमारास फोनमधून कुलूप उघडल्याचा आवाज आला. निखाडे ताठ बसले. दार, चपला, पिशवी ठेवल्याचा आवाज. मग दुसऱ्या खोलीतूनच हाक आली.

"बाबा?"

"आहे."

तेवढंच. मग वैशू ओट्यापाशी आली, आमच्याकडे न पाहता फ्रिज उघडला, बाटलीनं पाणी प्यायली. केस विसकटलेले, चेहरा दमलेला. घरच्या माणसासमोर वावरावं तशी वावरत होती. मग सहज तिची नजर इकडे गेली.

"अरे, काका? तुम्हीपण आहात का?"

आता तिला काय काय सांगणार, लिमिट, हॉटस्पॉट, सदर बाजार. माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

"आहे," मी म्हणालो.

ब्रॉडबँडवाल्याचा सोमवार उगवेपर्यंत मी रोज फोन घेऊन त्यांच्याकडे बसत होतो. मग तार आली, डबा बसला, आणि निखाड्यांना आता कितीही लाइन उघडी ठेवता येते. धमक्या बंद झाल्या. कंपनी त्यांना प्रिय ग्राहकही म्हणेनाशी झाली. इस्त्रीवाल्यानं काळजीनं विचारलं, "बाबूजी की तबीयत तो ठीक है ना?" मी माझा फोन घेऊन माझ्या घरी परत आलो.

पुढच्या रविवारी नीलेशचा कॉल आला. "हाँ पापा, सब ठीक? खाना हो गया? मम्मी कहाँ है? चलो, रखता हूँ."

"ठेव," मी म्हणालो. "पण कापू नको."

"मतलब?"

"फोन कुठंतरी टेकवून ठेव आणि तुझं जे काय आहे ते कर."

"क्यों? क्या हुआ? तबीयत ठीक है ना आपकी?"

"हव. ठीक आहे. असू दे नुसता चालू."

आता हसतो की काय असं मला वाटलं. "ठीक है," तो म्हणाला आणि फोन कशाला तरी टेकवला. मला अर्धा पंखा आणि कपाटाचा कोपरा दिसायला लागला. मी फोन आमच्या साखरेच्या डब्याला लावला. सुमन तांदूळ निवडायला घेऊन शेजारी बसली. तिकडे कपडे धुवायचं मशीन फिरत होतं. नीलेशला खोकला झाला होता, हे त्यानं सांगितलं नव्हतं. कोणाला तरी फोनवर त्यानं पत्ता समजावला, तोही तीनदा, न चिडता. मग कुकरची शिट्टी झाली. "डाळ लावली वाटतं," सुमन म्हणाली. मला वाटत होतं, आता कापेल, मग कापेल. मध्येच एकदा, दिसत नव्हता कुठंच, पण आवाज आला.

"पापा? हो क्या?"

"आहे," मी म्हणालो.

मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला. सुमननं पदरानं डोळे पुसले आणि तांदळात फार भुसा आहे म्हणाली. ऊन उतरायला लागलं तेव्हा टिंग वाजलं.

मी उठलो. शर्टाचं बटण लावलं. फोन घेऊन गॅलरीत गेलो, पलीकडचा नीलेश हलणार नाही इतक्या बेतानं तो हातभर लांब धरला आणि वाचला. "प्रिय ग्राहक, आपने आज के डेटा का पचास प्रतिशत उपयोग कर लिया है." त्याचा अर्थ कंपनीला काय माहीत असणार! अर्धा डेटा गेला म्हणजे अर्धी दुपार गेली, आणि अर्धी दुपार माझ्या मुलानं लाइन कापली नव्हती. खुद्द कंपनीनं लेखी कळवलं होतं.

शेजारच्या गॅलरीत हालचाल झाली. निखाडे बनियनवर, भिंतीला हात टेकून उभे होते. त्यांच्या फोनवर आता वाचण्यासारखं काही येत नाही, त्यामुळे चेहरा जरा उतरलेला होता. माझ्या फोनकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी लगेच ओळखली. वर्षभर ती माझी होती.

"नीट ऐकू नाही आलं, हरिभाऊ," ते म्हणाले. "निरोप परत वाचा."

मी परत वाचला. या खेपेस खाली इस्त्रीवाल्यापर्यंत पोचेल असा.